जावयासाठी पेरलेला पाला

डोंबिवलीत थंडी आधी भाजीबाजारात येते. आमच्या अंगाला ती जेमतेम जाणवते. पंखा एकवर येतो, पहाटे चादर ओढून घ्यावीशी वाटते, एवढंच. बाजारात मात्र तिचा थाट असतो. ओल्या लसणाच्या जुड्या, पांढरेशुभ्र मुळे, वालाच्या शेंगा, लाल गाजरांचे ढीग, आणि अलीकडे त्यांच्या शेजारी ऐटीत बसलेली ब्रोकोली, झुकिनी, जांभळा कोबी. परवा अशाच एका टोपलीतून मी पुदिन्याची जुडी उचलली, नाकाशी नेली आणि होती तिथे ठेवून दिली.

"काय झालं ताई? ताजाय की."

"ताजाय गं," मी म्हटलं आणि पुढे सरकले.

पुढे दोन गाड्या ओलांडून गेले तरी बोटांना वास होताच. काही वर्षांपूर्वीचा एक अख्खा हिवाळा त्या वासात आहे. त्या हिवाळ्यात आम्ही दोघी बायका एका माणसाच्या जेवणाची तयारी करत होतो, ज्याला आम्ही कधी पाहिलं नव्हतं.

परदेशी स्वयंपाकाचं वेड मला मुलगा शिकायला बेंगळुरूला गेला तेव्हा लागलं. घर रिकामं, डबे बंद, आणि सुधीर, माझा नवरा, मूळचा राजापूरकडचा. त्याला रोज आमटी-भात मिळाला की जगाबद्दल तक्रार नाही. मग मी माझ्यापुरते प्रयोग सुरू केले. भरताच्या वांग्याचं आणि दुधीचं फ्रेंच पद्धतीचं काहीतरी केलं, ते दिसायला चित्रासारखं आणि चवीला आजारी माणसाच्या भाजीसारखं झालं. कडव्या वालांचं हमस, म्हणजे अरबी पद्धतीचं वाटण, केलं. लोणच्याच्या बरणीत कोरियन पद्धतीने कोबी आंबवायला ठेवला, तर चौथ्या दिवशी झाकण टणकन उडालं आणि लाल पाणी थेट भिंतीवरच्या कालनिर्णयावर. सुधीरने शांतपणे विचारलं, "हे खायचं की याच्यावर पोलीस बोलवायचे?" पण कधीकधी जमायचंही. कोथिंबीर, ओला लसूण आणि शेंगदाण्यांचं इटालियन वळणाचं वाटण तर असं जमलं की सुधीरने ते चटणी समजून भाकरीला लावून खाल्लं, आणि मी त्याला खरं नाव सांगितलं नाही.

ओला लसूण मात्र बाजारातून आणल्यावर दुपारपर्यंत मान टाकायचा. आमच्या बिल्डिंगच्या मागच्या भिंतीपलीकडे गावठाण आहे. स्वयंपाकघराच्या गॅलरीतून खाली पाहिलं की एक मोठा रंगीत बंगला दिसायचा आणि त्याच्या बाजूला, तीन टॉवरांच्या मध्ये उरलेला, जमिनीचा एक लांबट हिरवा तुकडा. माठ, मुळा, मेथी, कडेने वालाचे वेल. रोज सकाळी एक बाई तिथे पाइपने पाणी घालायच्या. अंगावर चांगली साडी, हातात पाटल्या, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली. एक दिवस मी धीर करून खाली गेले आणि फाटकातून विचारलं, "थोडा ओला लसूण मिळेल का हो? विकत."

त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं. "विकत? मी काय बाजारात बसलंय?" आणि मग उपटलेल्या लसणाची मुळांसकट ओली जुडी माझ्या हातात कोंबली. "ने. कशाला पायजे एवरा?"

या नंदाताई. गावातलं जुनं आगरी घर. पूर्वी भातशेती होती, सासऱ्यांचं खाडीकडे मिठागर होतं. सगळं गेलं, त्यावर इमारती उभ्या राहिल्या, त्यातली एक आमची. घरात कशाला कमी नव्हतं. पण मातीत हात घातल्याशिवाय नंदाताईंना दिवस गेल्यासारखा वाटत नसे, म्हणून तो तुकडा त्यांनी बंगल्याच्या पार्किंगपासून भांडून वाचवला होता.

पैसे तर त्यांनी घेतले नव्हते, म्हणून मी त्याच लसणाचं वाटण घातलेला पास्ता दिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी खालूनच हाक मारली. "मीठ कमी व्हता. बाकी बरा हाय. सुकट टाकली असती तं झकास झाला असता." मग जरा थांबून, आवाज खाली आणून, "तुला दुसऱ्या मुलखातला पन येतं कं गो? व्हिएतनाम का काय तिकरचा?"

त्यांची मुलगी रेश्मा सिंगापूरला नोकरीला होती. तिथेच तिने बरोबर काम करणाऱ्या एका व्हिएतनामी मुलाशी लग्न केलं होतं. त्याचं नाव मिन. लग्न झाल्याचं कळलं त्या दिवसापासून तिचे वडील, आप्पा, तिच्याशी बोलले नव्हते. भांडण नाही, आरडाओरड नाही. घरात तिचं नाव निघालं की ते उठून बाहेर जात. म्हणून नंदाताई मुलीला फोन करायच्या तो घरातून नाही, मेथीच्या वाफ्यात उभं राहून. मी गॅलरीतून किती वेळा पाहिलं होतं, या बाई भाजीशी काय एवढं बोलतात असं वाटायचं. रेश्माला एक मुलगी झाली होती. तिचं नाव माई. तिकडे ते एका फुलाचं नाव आहे म्हणे. नंदाताई हसून सांगायच्या, "आमचेकरं सासूला माई म्हनायचे. सात समुद्र ओलांडून परत आली बग माझेवर नजर ठेवायला."

आणि आता, माघी गणपतीच्या सुमारास, रेश्मा 'आम्ही येतो' एवढंच म्हणाली होती. आप्पांनी हो म्हटलं नव्हतं. नाहीही म्हटलं नव्हतं. त्या न म्हटलेल्या नाहीवर नंदाताईंनी सगळा हिवाळा उभा केला.

"घरात आल्यावर तो काय खाल?" त्या म्हणाल्या. "पयल्यांदा येतंय. त्याचे आयशीच्या हातासारखा कायतरी त्याचे ताटात पायजे."

व्हिएतनामी स्वयंपाकातलं मला तरी काय येत होतं! पण दोन अडाणी एकत्र आले की धाडस वाढतं. मी मोबाइलवर व्हिडिओ लावायचे, त्यातली बाई काय बोलते ते दोघींनाही कळायचं नाही, आम्ही फक्त तिच्या हातांकडे बघायचो. कळलं ते असं, की तिकडची माणसं कच्चा पाला ढिगाने खातात. पुदिना, कोथिंबीर, तुळशीची एक जांभळ्या दांड्याची जात, लेट्यूस, मुळ्याचे कोवळे कोंब. हे ऐकून नंदाताईंनी माठाचा अख्खा वाफा उपटून टाकला. आम्ही दोघी ठाण्याला गेलो, नर्सरीतून बियाणं आणलं, मोठ्या दुकानातून माशाच्या सॉसची बाटली आणि तांदळाच्या पातळ, पारदर्शक चकत्या आणल्या. चकती उन्हाला धरून त्या म्हणाल्या, "हा तं तांदलाचा पापर." आणि कडकन मोडून तोंडात टाकली. दुकानातला माणूस आमच्याकडे बघतच राहिला.

नंदाताईंच्या घरी आल्यावर त्या चकत्या भिजवून गुंडाळ्या करायला घेतल्या, तर एक फाटली, दुसरी ओट्याला चिकटली, तिसरी माझ्याच मनगटाला गुंडाळली गेली. तेव्हा नंदाताईंनी ठरवलं की आपणच ताज्या करायच्या. पातेल्यात पाणी उकळत ठेवलं, तोंडाला धोतराचं फडकं ताणून बांधलं, त्यावर तांदळाच्या पिठाचं पातळ आंबोळीसारखं मिश्रण पसरून झाकण. पहिल्या दिवशी नवा तांदूळ वापरला, त्याची खळ झाली. जुना तांदूळ घेतला, तर तडे गेले. मी साबुदाण्याचं पीठ घालून पाहूया म्हटलं. त्या नाक मुरडत तयार झाल्या, आणि त्या दिवशी फडक्यावरून पहिली चकती अशी सुटून आली, ओली, चमकती, पलीकडची बांगडी दिसेल इतकी पातळ, की आम्ही दोघी लहान मुलींसारख्या ओरडलो. आत लेट्यूस, पुदिना, गाजराच्या काड्या, उकडलेली कोळंबी. वरून लिंबू, साखर, लसूण, मिरची आणि त्या बाटलीतलं माशाचं पाणी.

बाटली उघडली त्या दिवशी आप्पा पहिल्यांदा स्वयंपाकघराच्या दारात आले होते. उंच, बारीक, पांढरी दाट मिशी. "कुनाचा बोंबील सरला?" नाकाला रुमाल लावत एवढंच विचारून गेले. त्यांना सगळं माहीत होतं. कोणासाठी चाललंय हेही. ते विचारत नव्हते आणि नंदाताई सांगत नव्हत्या, त्या घरात तशी रीतच पडली होती.

मला त्या दुपारी अजून आठवतात. टॉवरांच्या सावल्या वाफ्यांवरून सरकत जायच्या आणि दोनेक तासच ऊन मिळायचं, त्या उन्हात पुदिना तरारून यायचा. नंदाताई फोनवर लेकीला वाफा दाखवायच्या. "ही बग तुळस. ह्यो पाला तुझे नवऱ्याला आवडतो ना? आज चार पानं आलीत." पलीकडून रेश्मा म्हणायची, "हो आई. छान आलाय." चक्रफूल आणि भाजलेलं आलं घालून आम्ही त्यांचं ते नूडल्सचं सूप केलं तेव्हा नंदाताईंनी वाफेत तोंड धरून सांगितलं, "अगो, हा तं आपले मटनाचा वास. मानसं काय लांब नाय गो, लांबचा रस्ता हाय तेवरा."

एके दुपारी मी गुंडाळ्यांचं ताट झाकून ठेवलं आणि हात धुवायला मागच्या दाराशी गेले, तर आप्पा तिथे उभे. हातात अर्धी खाल्लेली गुंडाळी. मला पाहून त्यांनी ती लपवली नाही. सावकाश चावून संपवली, मिशी पुसली आणि वाफ्याकडे बघत विचारलं, "तिखट खातो कं तो?"

'तो' हा शब्द त्या घरात आप्पांच्या तोंडून पहिल्यांदा निघाला होता. मी म्हटलं, "खातो म्हणे. भरपूर."

"मंग जरा मिरची वाढवा," ते म्हणाले आणि गेले.

मी आत जाऊन नंदाताईंना सांगितलं. त्या खाली बसल्या, फरशीवरच. पदराने डोळे पुसले नाहीत, हातातली कोथिंबीरच निवडत राहिल्या, देठ वेगळे, पानं वेगळी, आणि मग सगळं पुन्हा एकत्र करून टाकलं.

त्यानंतर आप्पा बदलत गेले. बोलले नाहीत, पण घरात सुतार आला, वरच्या खोलीतल्या पलंगाला बाक होता तो निघाला. एक दिवस मलाच विचारलं, त्या माणसाच्या गावाला नदी आहे का. मी रेश्माला विचारून सांगितलं, आहे, मोठी आहे, त्याचे आजोबा होडी चालवायचे. आप्पा एकदम माझ्याकडे वळले. "होरी? माझा बापूस पन चालवायचा. मिठाची." नंतर त्यांनी खाडीवरच्या कोणा जुन्या मित्राला होडी तयार ठेवायला सांगितल्याचं नंदाताईंकडून कळलं. जावयाला खाडी दाखवायची होती.

ते आले तो रविवार होता. सकाळपासून मी त्यांच्याकडेच होते. टेबलावर केळीची पानं मांडून त्यावर वाफ्यातला सगळा पाला रचला होता, गुंडाळ्या ओल्या फडक्याखाली, सूप मंद आचेवर. जोडीला नंदाताईंनी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटही केली होती, म्हटलं असू दे, कोण जाणे. आप्पांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि ते फाटकाशी उभे होते, उगाच कुलूप-कडी बघत.

टॅक्सी थांबली. एका दारातून रेश्मा उतरली. दुसऱ्या दारातून काळ्याभोर सरळ केसांची एक छोटी मुलगी उडी मारून उतरली आणि आप्पांच्या मिशीकडे बघत थबकली. ड्रायव्हरने डिकीतून बॅगा काढल्या, डिकी बंद केली. आप्पा टॅक्सीच्या पुढच्या दाराकडे बघत होते. टॅक्सी वळली आणि निघून गेली, तरी ते त्या जागेकडे बघत होते.

"तो?" त्यांनी विचारलं. एवढ्या वर्षांनंतर लेकीशी बोललेला तो पहिला शब्द.

"आत चला, आप्पा," रेश्मा म्हणाली. "सांगते."

तिने बसल्या बसल्या, एका दमात सांगून टाकलं. ती आणि मिन वेगळे राहत होते, वर्ष होत आलं होतं. भांडण असं नाही, पण जमलं नाही. घटस्फोटाची कागदपत्रंही झाली होती. माई आठवडाभर हिच्याकडे, आठवडाभर त्याच्याकडे. "फोनवर सांगणार होते मी. दर वेळी सांगणार होते. पण आई, तू फोन उचललास की पाला दाखवायचीस. आज हे पेरलं, आज ते उगवलं. कसं सांगू?"

मी उठून जायला निघाले. ते ऐकणं माझं नव्हतं. नंदाताईंनी माझा हात धरला, सोडला नाही. मला वाटलं त्या रडतील, रागावतील. त्या टेबलावरच्या हिरव्या ढिगाकडे बघत होत्या.

"सांगाचा होतास गो," त्या हळूच म्हणाल्या. "मी पाला पेरलाच असता."

मग त्या उठल्या आणि ओलं फडकं बाजूला केलं. "चला. जेवून घ्या. पोरीला भूक लागली असल."

माई भूक लागल्यासारखीच जेवली. तिने आमच्या गुंडाळीचा वास घेतला, आईला काहीतरी विचारलं, आणि दोन्ही हातांत एकेक धरून खाऊ लागली. ती म्हणत होती, रेश्माने सांगितलं, की हे तिच्या तिकडच्या आजीच्या हातच्यासारखं आहे, फक्त जास्त तिखट. मिरची आप्पांनी वाढवायला लावली होती. आप्पांनी हे ऐकलं आणि पाण्याचा पेला उचलून तिच्यापुढे ठेवला. रेश्मा मात्र सुकट-भाकरी खात होती, मान खाली घालून, भराभर, जणू कोणीतरी काढून घेईल. गुंडाळीला तिने हात लावला नाही, आणि आम्ही कोणी आग्रह केला नाही. सुपाची चव चांगली आली होती. याचंच मला तेव्हा फार वाईट वाटलं, की ते इतकं चांगलं झालं होतं.

आज मागे वळून बघताना मला त्या हिवाळ्याचा राग येत नाही. हळहळ वाटते, आणि ती कुठे ठेवावी कळत नाही. रेश्माची काय चूक? दोन माणसांचं नाही पटत. नंदाताईंचा हट्ट प्रेमाचा होता. आप्पांनाही मी बोल लावू शकत नाही, त्यांच्या पिढीत, त्यांच्या गावात, त्यांनी उशिरा का होईना पाऊल उचललं होतं. पण ते पाऊल टाकेपर्यंत पलीकडचा माणूस निघून गेला होता. स्वयंपाकात मी हे पाहिलेलं आहे. सगळं साहित्य चांगलं असतं, कृतीही बरोबर असते, आणि तरी एखादा पदार्थ ज्याच्यासाठी केला त्याच्यापर्यंत पोचत नाही. डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवता येतो, दुसऱ्या दिवशी आपणच खातो. तसं हे खाताही येत नव्हतं.

त्या आठवड्यात मी रोज थोडा वेळ जायचे. संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमाराला मिनचा फोन यायचा, माईसाठी, व्हिडिओवर. रेश्मा फोन लेकीच्या हातात देऊन आत जायची. त्या वेळी आप्पा बाहेर ओटीवर बसलेले असत, पाठ करून. परत जायच्या आदल्या संध्याकाळी माई फोन घेऊन धावत बाहेर आली. तिला बाबांना कोंबडी दाखवायची होती. कोंबडी पळाली, फोन भलतीकडे फिरला, आणि त्या छोट्या चौकोनात एकदम आप्पा आले.

मी पायरीवर बसले होते, मला पडदा दिसत होता. चष्मा लावलेला एक बारीक तरुण, मागे कपडे वाळत घातलेले. तो क्षणभर गोंधळला, मग फोन कुठेतरी टेकवून ठेवला, उठून उभा राहिला, शर्ट सारखा केला आणि दोन्ही हात जोडून खाली वाकला. इतका वाकला की पडद्यावर फक्त त्याचे केस दिसत होते.

आप्पाही उठले. जन्मभर ज्याचं तोंड न बघण्याचं ठरवलं होतं त्याच्यासमोर ते सदऱ्याची बटणं लावत उभे राहिले. दोघांना कळेल अशी भाषा नव्हती. शेवटी घरी आलेल्या कोणालाही विचारतात तेच विचारलं.

"जेवलास कं?"

रेश्मा दारात येऊन उभी राहिली होती. तिने इंग्रजीत सांगितलं, ते विचारतायत तू जेवलास का. मिनने मान वर केली. त्याचे डोळे भरले होते. तो काहीतरी बोलला आणि रेश्माने मराठीत सांगितलं, "अजून नाही म्हणतोय. म्हणतोय, तुम्ही जेवलात का? त्यांच्याकडेही भेटल्यावर पहिलं हेच विचारतात, आप्पा."

आप्पांनी मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही. एवढ्यात माईने फोन ओढून घेतला आणि कोंबडीमागे पळाली, आणि तो माणूस तिच्या हातातल्या हेलकाव्यांबरोबर अंगणभर फिरत लांब गेला.

आप्पा खाली बसले. नंदाताई आतून येऊन शेजारी टेकल्या. बराच वेळ दोघं नातीकडे बघत होते.

"बरा हाय गो पोरगा," आप्पा म्हणाले. आणि मग, अगदी हलक्या आवाजात, "आपुनच नाय बघितला."